निर्गुडीचा पाला, उंदराचा पंजा

बुलढाणा जिल्ह्यात चिखलीहून खामगावकडे निघालं की वाटेत उंद्री लागतं. सोयाबीन, कपाशी, तूर, हरभरा ही इथली पिकं. पिकांबरोबर येणारी दुखणीही ठरलेलीच: निंदणाला कंबर, सोंगणीला मनगट, वेचणीला खांदे आणि पन्नाशी उलटली की बारा महिने गुडघे. त्यावरचा पहिला इलाज दवाखान्यात नसतो. तो वावराच्या धुऱ्यावर किंवा नाल्याच्या काठाला उभा असतो. निर्गुडी. जनावरं तिला सहसा तोंड लावत नाहीत म्हणून ती कुंपणाला चालते, धान्यात किडे होऊ नयेत म्हणून तिचा पाला कणगीत टाकतात, आणि अंग दुखलं की तोच पाला तव्यावर गरम करून, सुती फडक्यात बांधून दुखऱ्या जागी शेकतात. पाल्याचं पाणी उकळून त्याने आंघोळ घालायची रीतही जुनी आहे. बाळंतिणीच्या आंघोळीच्या पाण्यात हा पाला हमखास पडतो.

शेकल्यावर बरं वाटतं, याबद्दल वाद घालण्याचं कारण नाही. वाद असलाच तर तो कशामुळे बरं वाटतं याचा आहे. पाल्यातल्या एखाद्या रसायनाने, नुसत्या उबेने, की कोणीतरी अर्धा तास जवळ बसून आपले पाय शेकतंय म्हणून? दुसरा प्रश्न गावात फारसा कोणी विचारत नाही, पण तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जी वनस्पती दुखणं कमी करते, ती शरीरातल्या हार्मोन्सच्या कारभारातही हात घालते का? हे दोन्ही प्रश्न गेल्या काही दशकांत जम्मू, कोलंबो, जयपूर आणि अहमदाबादच्या प्रयोगशाळांमध्ये प्राण्यांना, बहुतेक वेळा उंदरांना, विचारून झाले आहेत. मिळालेली उत्तरं तेलाच्या बाटलीवर ‘प्रयोगांती सिद्ध’ या दोन शब्दांत उरकली जातात. ती तेवढी सोपी नाहीत.

सुरुवात झाडाच्या ओळखीपासून होते. वनस्पतिशास्त्रात निर्गुडीचं नाव व्हायटेक्स निगुंडो. एका देठावर तीन किंवा पाच पर्णिका, खालची बाजू पांढुरकी, फुलं निळसर-जांभळी, आणि पान चुरगळलं की नाकात जाणारा उग्र वास. पूर्वी तिला सागाच्या कुळात धरत, आता ती तुळशीच्या कुळात गेली आहे (सागही तिच्या पाठोपाठ तिथेच गेला). संशोधकाला मात्र ‘ही निर्गुडी’ एवढं म्हणून चालत नाही. फुलासकट फांदी दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून ती तज्ज्ञाकडून ओळखून घ्यावी लागते. आपल्याकडे त्यासाठी पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. तो नमुना क्रमांकासह जपून ठेवला जातो, म्हणजे वीस वर्षांनी कोणी शंका काढली तर नेमकं कोणतं झाड वापरलं ते दाखवता येतं.

मग पाला सावलीत वाळवून, भरड कुटून सॉक्सलेटच्या काचपात्रात घालतात. खालून अल्कोहोल उकळतं, वर जाऊन थंड होतं, पाल्यावर ठिबकतं आणि त्यातलं विरघळण्याजोगं सगळं घेऊन पुन्हा खाली येतं. काही तासांनी अल्कोहोल उडवून टाकलं की काळपट हिरवा, चिकट अर्क उरतो. या अर्कात कॅस्टिसिनसारखी फ्लेव्होनॉइडं असतात, अग्नुसाइड आणि निगुंडोसाइड नावाची ग्लायकोसाइडं असतात. पण वाळवताना आणि उकळताना निर्गुडीचं सुगंधी तेल बरंचसं उडून जातं. गावात शेकायला पाला घेतात तो ताजा, वासासकट. म्हणजे उंदरापर्यंत पोहोचायच्या आधीच एक फरक पडलेला आहे: धुऱ्यावरचा पाला आणि प्रयोगशाळेतला अर्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

उंदरांचंही तसंच. बिळातला उंदीर प्रयोगाला चालत नाही. लागतो तो बहुधा विस्टार जातीचा पांढरा, लाल डोळ्यांचा मोठा उंदीर. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत १९०६ पासून त्याची पैदास सुरू झाली आणि आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. प्रयोगाला घेतात तेव्हा त्याचं वजन साधारण दीडशे ते अडीचशे ग्रॅम असतं. दुसरा असतो पंचवीस-तीस ग्रॅमचा छोटा उंदीर, ज्याला इंग्रजीत माऊस म्हणतात. हे दोघे वेगळ्या जातींचे, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. बारा तास उजेड, बारा तास अंधार, ठरावीक तापमान, ठरावीक खाद्य. सहा-सहा उंदरांचे गट पाडतात. एका गटाला नुसतं पाणी किंवा अर्क ज्यात कालवला ते द्रव, एकाला माहीत असलेलं वेदनाशामक, आणि बाकीच्यांना अर्काचे लहान-मोठे डोस.

आता दुखणं मोजायचं कसं? माणसाला विचारता येतं, उंदीर सांगत नाही. त्यामुळे त्याच्या वागण्यावरून अंदाज बांधायचा, आणि इथे प्रत्येक चाचणी थोडा वेगळा प्रश्न विचारते. सर्वांत ओळखीची चाचणी गरम पत्र्याची. वुल्फ आणि मॅकडोनल्ड यांनी ती १९४४ मध्ये मांडली. पत्रा साधारण ५५ अंशांवर ठेवतात आणि त्यावर उंदीर सोडतात. काही सेकंदांत तो पंजा चाटतो किंवा उडी मारतो, तो वेळ स्टॉपवॉचवर घ्यायचा. वेदनाशामक दिलेला उंदीर जास्त वेळ थांबतो. पंजा भाजू नये म्हणून ठरावीक वेळेला, बहुतेक ठिकाणी पंधरा सेकंदांना, त्याला उचलून घेतात. त्याहून जुनी, १९४१ ची, डी’अमूर आणि स्मिथ यांची शेपटीची चाचणी: शेपटीवर प्रखर उष्ण प्रकाश टाकायचा आणि ती झटकायला किती वेळ लागतो ते पाहायचं. शेपटी झटकणं हे मुख्यतः मज्जारज्जूतून होणारं काम आहे. गरम पत्र्यावर पंजा चाटायला मेंदूचा वरचा भागही लागतो.

तिसरी चाचणी छोट्या उंदरांवर होते. पोटात पातळ अ‍ॅसिटिक आम्ल टोचलं की उंदीर पोट आखडतो आणि मागचे पाय ताणतो. असं किती वेळा झालं ते मोजायचं. वनस्पतींच्या संशोधनात ही चाचणी फार लोकप्रिय आहे, कारण स्वस्त आहे आणि तिच्यात पास होणं सोपं आहे. ते इतकं सोपं आहे की वेदनाशामक नसलेली, स्नायू सैल करणारी किंवा अ‍ॅलर्जीवरची औषधंही तिच्यात पास होतात. एखाद्या लेखात एवढ्या एकाच चाचणीवर ‘वेदनाशामक गुण सिद्ध झाला’ असं लिहिलेलं दिसलं तर वाचकाने तिथेच थांबावं.

फॉर्मालिनची चाचणी जास्त शहाणी आहे. डुबुइसन आणि डेनिस यांनी १९७७ मध्ये तिचं वर्णन केलं. पंजात पातळ फॉर्मालिनचा थेंब टोचला की उंदीर पहिली पाच मिनिटं पंजा चाटतो, मग शांत होतो, आणि पंधराव्या मिनिटाच्या सुमारास पुन्हा चाटायला लागतो. पहिला टप्पा नसांना थेट लागलेल्या ठणक्याचा, दुसरा सुजेचा. मॉर्फीन दोन्ही टप्पे कमी करतं. अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्यांचा जोर मुख्यतः दुसऱ्या टप्प्यावर. एकाच पंजातून औषध कुठे काम करतं याचा सुगावा लागतो.

निर्गुडीची यात काय गत झाली? जम्मूच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या गुप्ता आणि टंडन यांनी २००५ मध्ये पानांच्या अल्कोहोलमधल्या अर्काचे शंभर, अडीचशे आणि पाचशे मिलिग्रॅम दर किलो वजनामागे असे डोस तपासले, मोठ्या उंदरांत शेपटीच्या चाचणीत आणि छोट्या उंदरांत आम्लाच्या चाचणीत. तुलनेला अ‍ॅस्पिरिन आणि अफूच्या जातकुळीतलं मेपेरिडीन. दोन्ही चाचण्यांत निर्गुडी पास झाली, आणि डोस वाढला तसा परिणाम वाढला. मग त्यांनी नॅलॉक्सोन वापरलं. हे औषध मेंदूतल्या अफूच्या जागा अडवून धरतं. कुठल्याही वेदनाशामकाचा असर नॅलॉक्सोनने पुसला गेला तर समजायचं की ते मॉर्फीनच्या वाटेने जातं. निर्गुडीचा असर पुसला गेला नाही. म्हणजे ती मेंदू-मज्जारज्जूपर्यंत पोहोचते असं दिसतं, पण मॉर्फीनच्या दाराने नाही. सवय लागण्याची भीती असलेल्या औषधांच्या जगात हे महत्त्वाचं आहे. संशोधकांनीही ती इतर वेदनाशामकांच्या जोडीला उपयोगी पडू शकेल एवढंच मोजून-मापून म्हटलं.

त्याआधी दोन वर्षं, २००३ मध्ये, कोलंबोच्या धर्मसिरी आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग मला उंद्रीच्या चुलीला जास्त जवळचा वाटतो. त्यांनी अल्कोहोल घेतलं नाही. ताजी, जून पानं घेतली, पाण्यात अर्क काढला आणि उंदरांना तोंडावाटे दिला. सूज कमी झाली, वेदना कमी झाली, आणि हिस्टामिनला विरोध करणारा गुणही दिसला. सूज मोजायची रीत १९६२ पासून रूढ आहे: समुद्री शेवाळातून मिळणारं कॅरागीनन पंजात टोचायचं आणि पंजा पाऱ्यात किंवा पाण्यात बुडवून किती द्रव वर सरकतो ते पाहायचं. सूज जितकी जास्त तितकं द्रव जास्त सरकतं.

एक खोट मात्र अशा सगळ्या प्रयोगांत लपून बसते. उंदीर गरम पत्र्यावर उशिरा हलला तो दुखत नव्हतं म्हणून, की झापड आली होती म्हणून? गुंगीत असलेला उंदीरही पंजा उशिराच उचलतो. यासाठी फिरत्या दांड्याची वेगळी चाचणी असते: औषध दिलेला उंदीर दांड्यावर तोल सांभाळत टिकला तर त्याची शुद्ध आणि स्नायू ठीक आहेत असं मानायचं. ही चाचणी न करता काढलेले निष्कर्ष मी तरी अर्धवट धरतो.

आता हार्मोन्सकडे वळू. इथे निर्गुडीच्या एका परदेशी बहिणीची गोष्ट आधी सांगावी लागेल. भूमध्य समुद्राच्या काठाला वाढणारं व्हायटेक्स अग्नस-कास्टस हे झुडूप युरोपात जुन्या काळापासून स्त्रियांच्या तक्रारींवर वापरतात. तिकडच्या मठांत त्याच्या मिरीसारख्या फळांना कामवासना शमवणारं मानत. जर्मनीत या फळांच्या अर्काचा मासिक पाळीपूर्वीच्या त्रासावर नीट प्रयोग झाला आणि २००१ मध्ये तो ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. १७० स्त्रिया, तीन पाळीचक्रं, निम्म्यांना अर्काची गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. त्रास निम्म्याहून जास्त कमी झालेल्या स्त्रिया अर्काच्या गटात ५२ टक्के, दुसऱ्यात २४ टक्के निघाल्या. कारणाचा माग उंदरांच्या पियुषिका ग्रंथीच्या पेशींपर्यंत आधीच गेला होता: या फळांतली काही द्रव्यं डोपामिनची नक्कल करतात आणि प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हार्मोन खाली आणतात. बहिणीचे गुण बहिणीत असतीलच असं नाही. पण शंका घ्यायला एवढं पुरे.

एखाद्या अर्कात इस्ट्रोजेनसारखा गुण आहे का, हे तपासायची रीत क्रूर वाटावी इतकी साधी आहे. मादी उंदराची अंडाशयं काढून टाकतात आणि शरीरातलं इस्ट्रोजेन ओसरायला साधारण दोन आठवडे थांबतात. गर्भाशय आक्रसतं. मग सलग तीन दिवस अर्क द्यायचा आणि गर्भाशय काढून तराजूत घालायचं. वजन वाढलं तर अर्कात इस्ट्रोजेनचा गुण आहे. उलट गुण पाहायचा तर खरं इस्ट्रोजेन आणि अर्क दोन्ही एकदम देतात आणि वजन अपेक्षेहून कमी वाढतं का ते बघतात. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २००७ मध्ये या चाचणीला आंतरराष्ट्रीय नियमावलीत जागा दिली. नरांसाठीही अशीच चाचणी आहे: वृषणं काढलेल्या उंदरांना दहा दिवस औषध देऊन पौरुषग्रंथी आणि तिच्याजवळचे अवयव तोलतात. रक्तातली हार्मोन्स थेट मोजायची तर त्यासाठी रोझलिन यॅलो यांच्या पद्धतीचे आभार मानायला हवेत. अब्जांश ग्रॅमच्या घरातली मात्रा मोजणाऱ्या त्या शोधाला १९७७ चं नोबेल मिळालं.

ज्यांची अंडाशयं शाबूत आहेत अशा माद्यांत चक्र पाहतात. उंदीर-मादीचं चक्र चार ते पाच दिवसांचं. रोज सकाळी योनीतून एक थेंब घेऊन काचपट्टीवर पाहिलं की कोणता टप्पा चालू आहे ते पेशींच्या आकारावरून कळतं. लाँग आणि इव्हान्स यांनी १९२२ मध्ये हे तपशीलवार लिहून ठेवलं. अर्क सुरू केल्यावर चक्र लांबलं, थांबलं, एकाच टप्प्यात अडकलं, तर हार्मोन्सच्या साखळीत काहीतरी हललं असं समजायचं.

निर्गुडीबद्दल या अंगाने जे पुढे आलं ते ‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ असं मानणाऱ्यांनी लक्षपूर्वक वाचावं. जयपूरचे भार्गव यांनी १९८९ मध्ये निर्गुडीच्या बियांतला फ्लेव्होनॉइडयुक्त भाग कुत्र्यांना दिला, तेव्हा पुरुष-हार्मोनच्या विरोधात जाणारा परिणाम दिसला. अहमदाबादच्या पर्ड केंद्रातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये पानांच्या अर्काचा हेक्झेनमध्ये विरघळणारा भाग छोट्या उंदरांच्या माद्यांवर तपासला. त्यांना त्यात दोन गुण एकत्र दिसले, इस्ट्रोजेनविरोधी आणि सूजविरोधी. परिणाम असा की गर्भ गर्भाशयात रुजलाच नाही.

हे दोन गुण एकत्र दिसणं योगायोग नाही. सूज आणि वेदना यांच्या मुळाशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं असतात. अ‍ॅस्पिरिन ती तयार होऊ देत नाही, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यांनाही नोबेल मिळालं. पण ही द्रव्यं शरीर केवळ दुखवण्यासाठी बनवत नाही. अंडं बाहेर पडताना ती लागतात, गर्भ रुजताना लागतात, प्रसूतीच्या कळांना लागतात. गर्भ रुजणं ही एका अर्थी छोटीशी, आवरलेली सूजच असते. गुडघ्यातली सूज उतरवणारं औषध गर्भाशयात पोहोचलं तर तिथेही तेच काम करणार. ही गत एकट्या निर्गुडीची नाही. दुकानातल्या वेदनाशामक गोळ्याही गरोदरपणात डॉक्टर जपून देतात ते याच कारणाने.

पण उंदरावरून माणसावर उडी मारताना इथेच पाय अडखळतो. उंदरांत गर्भ रुजायला चौथ्या दिवशी इस्ट्रोजेनची एक नेमकी लाट यावी लागते, ती अडवली की रुजणं थांबतं. माणसाच्या जातीत अशी लाट अत्यावश्यक असल्याचं दिसत नाही. म्हणून अहमदाबादच्या प्रयोगावरून ‘निर्गुडी गर्भनिरोधक आहे’ असं कोणी म्हटलं तर ते चूक, आणि ‘माणसाला त्याचं काही नाही’ म्हणणंही तितकंच चूक. गरोदर बाईने निर्गुडीचा काढा पिऊ नये, एवढं सांगायला मात्र हा पुरावा पुरतो. शेकण्याची गोष्ट वेगळी. अख्खा पाला बाहेरून काही मिनिटं लागतो, तेव्हा रक्तात जाणारं प्रमाण पोटात घेतलेल्या अर्काच्या पासंगालाही पुरणार नाही.

मात्रेचा हिशेबही करून पाहावा. पाचशे मिलिग्रॅम दर किलो हा उंदराचा डोस माणसाला तसाच लावत नाहीत. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने तो साधारण ६.२ ने भागतात. ८१ मिलिग्रॅम दर किलो येतात. साठ किलोच्या बाईला जवळपास पाच ग्रॅम अर्क. पाल्यातून दहा टक्के अर्क निघतो असं धरलं तर पन्नास ग्रॅम सुका पाला, ओला म्हटला तर त्याच्या कितीतरी पट, आणि तोही एका वेळेला. इतका कडू काढा कोणी पीत नाही. चिमूटभर चूर्णाच्या पुडीवर उंदरांच्या प्रयोगाचा दाखला छापणारा ही भागाकाराची पायरी सोयीने विसरतो.

आणखी एक खोच. वेदना आणि हार्मोन्स यांचा संबंध उलट्या दिशेनेही चालतो. मादी उंदराला किती दुखतं हे तिच्या चक्राच्या टप्प्याप्रमाणे बदलतं. त्या कटकटीला कंटाळून संशोधकांनी वर्षानुवर्षं नरच वापरले. मोगिल आणि चंदा यांनी २००५ मध्ये ‘पेन’ या नियतकालिकाचे आधीचे दहा वर्षांचे अंक चाळले, तेव्हा प्राण्यांवरच्या ७९ टक्के अभ्यासांत केवळ नर होते. वावरात निंदणाला वाकतात बाया, आणि त्यांच्या कंबरेचं औषध तपासलं जातं नर उंदरांवर. मोगिल यांच्याच गटाने कॅनडात २०१४ मध्ये दाखवलं की प्रयोग करणारा पुरुष नुसता जवळ असला, किंबहुना त्याने घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला, तरी उंदरांना कमी दुखल्यासारखं दिसतं. पुरुषाच्या वासाने त्यांच्या अंगात ताणाचं हार्मोन वाढतं आणि ताण वेदना दडपतो. म्हणजे कोणा विद्यार्थ्याने एका गटाला अर्क दिला आणि दुसऱ्या गटाला त्याच्या मैत्रिणीने पाणी दिलं, तर फरक अर्काचा की विद्यार्थ्याचा? कोणत्या उंदराला काय दिलं हे मोजणाऱ्याला माहीत नसावं, गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत, हे नियम म्हणूनच आहेत. वनस्पतींवरचे किती लेख ते पाळल्याचं स्पष्ट लिहितात, हे ज्याचं त्याने वाचून पाहावं.

या सगळ्यात उंदराचं काय? वेदनाशामकाच्या प्रयोगात त्याला भूल देता येत नाही, कारण दुखणं हेच तर मोजायचं असतं. भारतात १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९९८ मध्ये प्रयोगांचे नियम आले. प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत नैतिक समिती असते. तिच्यात पशुवैद्य, बाहेरच्या संस्थेचा शास्त्रज्ञ, शास्त्रज्ञ नसलेला एक सामाजिक भान असलेला सदस्य आणि सरकारी समितीचा प्रतिनिधी बसतो. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये तीन कसोट्या दिल्या: पर्याय असेल तर प्राणी वापरू नका, वापरायचेच तर कमीत कमी, आणि त्रास कमीत कमी. या कसोट्यांवर एक गोष्ट मला खटकते. निर्गुडीच्या पानांचा वेदनाशामक गुण दोन-तीन ठिकाणी नीट तपासून झाल्यावर, वेगळ्या जिल्ह्यातला पाला आणि वेगळं द्रावण घेऊन तोच प्रयोग पदवीसाठी पुन्हा करायला आणखी किती उंदीर गरम पत्र्यावर ठेवायचे? नवा प्रश्न नसेल तर उंदराला त्रास देण्याचा हक्क नाही.

उंदरानंतर पुढे जाणं शक्य असतं, याची उदाहरणं घरचीच आहेत. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर काम केलं. पित्तनलिका अडवलेल्या उंदरांत जे दिसलं ते कावीळ झालेल्या, शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या रुग्णांपर्यंत नेऊन तपासलं. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी त्याआधीच, १९४९ मध्ये, सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम पन्नास रुग्णांत दाखवून जगाचं लक्ष वेधलं होतं. तिच्यातून निघालेल्या रेसरपिनने काही रुग्णांचं प्रोलॅक्टिन वाढतं, हे पुढे कळलं. वनस्पतीचं औषध आणि हार्मोन यांची गाठ अशी अनपेक्षित ठिकाणी पडते. निर्गुडीलाही असा प्रवास घडला, पण तो फिलिपिन्समध्ये. तिथे तिला लागुंडी म्हणतात, सरकारने पुरस्कारलेल्या दहा औषधी वनस्पतींत ती आहे, आणि तिच्या गोळ्या माणसांवर तपासून दुकानात आल्या आहेत. त्या खोकल्यासाठी विकतात, सांधेदुखीसाठी नाही.

आपल्या आठवडी बाजारात मात्र सांधेदुखीची पुडी प्रवासाशिवायच मिळते. अशा काही ‘जडीबुटी’च्या पुड्यांत डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड मिसळलेलं सापडण्याचे प्रकार देशभर झाले आहेत. स्टिरॉइड हे हार्मोनच. दोन दिवसांत गुडघा मोकळा होतो, भूक वाढते, माणूस खूश. काही महिन्यांत चेहरा वाटोळा होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि शरीर स्वतःचं हार्मोन बनवणं थांबवतं. मग पुडी एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं. कोणत्याही पाल्याच्या पुडीने चोवीस तासांत जुनाट गुडघेदुखी पळाली तर आनंद मानण्याआधी संशय घ्या. पुडी घेऊन दवाखान्यात जा.

राहिला तव्यावरचा पाला. त्याच्याबद्दल उंदीर काही सांगू शकत नाही, कारण कोणी उंदराला शेकलेलं नाही. ऊब स्वतःच दुखणं कमी करते. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार त्वचेवरून येणारी स्पर्शाची संवेदना मज्जारज्जूतच वेदनेची वाट अडवते. मग पाल्याचा वाटा किती? हे शोधायला उंदीर लागत नाही, कोणाला सुई टोचावी लागत नाही, फार पैसाही लागत नाही. गुडघेदुखीच्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एकाच्या पुरचुंडीत निर्गुडी, दुसऱ्याच्या पुरचुंडीत तितकाच गरम असा दुसऱ्या निरुपद्रवी झाडाचा पाला. वासावरून कळू नये म्हणून दोन्ही फडक्यांवर एकाच उग्र वासाच्या तेलाचे थेंब. महिनाभर रोज शेक आणि दुखण्याला शून्य ते दहा असे गुण. गुण लिहून घेणाऱ्याला पुरचुंडीत काय आहे ते ठाऊक नको. नैतिक समितीची परवानगी आणि भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीत नोंद, एवढी कागदपत्रं. चिखलीत औषधनिर्माणशास्त्राचं महाविद्यालय आहे, उंद्रीच्या पंचक्रोशीत दुखरे गुडघे मुबलक आहेत, आणि पाला नाल्याकाठी फुकट आहे. एम. फार्म.च्या पुढच्या तुकडीतल्या कोणीतरी उंदरांची मागणी करण्याआधी हा प्रयोग करावा.